मौर्यांचा ऱ्हास आणि सात नंबरचा हीटर

माझ्या घरात कागद हरवत नाहीत. रेशनकार्डाच्या जुन्या झेरॉक्सपासून मुलाच्या लसींच्या नोंदींपर्यंत सगळं फायलींत आहे आणि फायलींची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. त्या यादीत न बसणारा एकच कागद आहे. तो कागदसुद्धा नाही, धाग्याच्या खोक्यावर चिकटवायचं वीतभर लेबल आहे. पुढच्या बाजूला माल, वजन, पाळी असे छापील रकाने आहेत आणि मागच्या कोऱ्या बाजूला माझ्या नववीतल्या अक्षरात पाच मुद्दे. पहिल्या चारांपुढे बरोबरची खूण आहे. पाचव्यापुढे नाही. घर बदलताना तो दर वेळी हाताला लागतो आणि दर वेळी मी तो वेगळ्याच फाईलमध्ये ठेवते. या वेळी ठेवायच्या आधी लिहून काढायचं ठरवलं आहे.

तेव्हा आम्ही सिल्वासाजवळच्या डोकमर्डीत दहा खोल्यांच्या एका ओळीत राहत होतो. पुढे लांबलचक ओटा, मागे नळ आणि मोऱ्या. आमची खोली चौथी, दगाकाकांची पाचवी. मधली भिंत एका विटेची होती, त्यामुळे सिंधूकाकू पलीकडे भाकरी थापायला बसल्या की इकडे थापा मोजता यायच्या. पहिल्या खोलीत गाझीपूरचे दोघे भाऊ, शेवटच्यात घरमालकीणबाई, त्या गुजरातीत रागवायच्या आणि हिंदीत समजूत काढायच्या. ओट्यावर बसून तांदूळ निवडता निवडता मी चार भाषा शिकले, त्यातली एकही धड नाही. सकाळी खानवेलहून पहिल्या बसनं बाया यायच्या, टोपल्यांत काकड्या आणि करटुली घेऊन, आणि आईचा दिवस त्यांच्याशी घासाघीस करून सुरू व्हायचा. आम्ही मूळचे अमळनेरकडचे, त्यामुळे घरात कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि रविवारी शेवभाजी. सणाला मांडे. मांडे मात्र काकूंच्याकडेच व्हायचे, कारण खापर त्यांच्याकडे होतं. मातीचं, उपडं घातलेलं, काळंभोर. त्यावर हातावर फिरवून फिरवून परातीएवढी केलेली पुरणाची पोळी पडली की सगळ्या ओळीला वास जायचा आणि गाझीपूरवाले भाऊ उगाचच काडेपेटी मागायला यायचे.

दगाकाका आमचे रक्ताचे कोणी नव्हते. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गावापासून दोन कोसांवरच्या गावचे, एवढंच. पण आप्पांना सिल्वासाला आणलं ते त्यांनी. मसाटच्या कारखान्यात शब्द टाकला, खोली बघून दिली आणि आम्ही येईपर्यंत महिनाभर आप्पांना काकूंच्या हातचं जेवू घातलं. आई हे वर्षातून चारदा तरी बोलून दाखवायची, म्हणजे आम्ही विसरू नये म्हणून. दोघं एकाच मशीनवर, वेगवेगळ्या पाळीत. दगाकाका सुटायचे आणि आप्पा लागायचे, किंवा उलट. दोघांच्याही कपड्यांना धाग्याला लावायच्या तेलाचा वास असायचा. तो धुऊन जात नाही. आजही एखाद्या कारखान्याच्या फाटकातून आत शिरताना तो वास आला की मी आधी आप्पांना शोधते, मग मला माझं काम आठवतं.

आता त्या मशीनबद्दल थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कारखान्यात पॉलिस्टरचा सपाट धागा यायचा. तो तापवून, पीळ देऊन, कुरळा करून पुठ्ठ्याच्या कोनांवर गुंडाळायचा. तापवणारे हीटर एका ओळीत, प्रत्येकावर काटा. ऑपरेटरनं दर तासाला फिरून प्रत्येक हीटरचा आकडा कागदावर लिहायचा. आकडा दोनशे दहा हवा. सगळे हीटर दोनशे दहाला राहायचे, फक्त सात नंबरचा दोनशेला पोचता पोचता दमायचा. धागा कमी तापला तर डोळ्यांना काही दिसत नाही. तो विणून, कापड होऊन सुरतेत रंगात पडलं की मग पट्टे उठतात.

दगाकाकांनी पहिल्यांदा एकशे अठ्ठ्याण्णव लिहिलं, कारण काटा तेवढंच दाखवत होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात मेमो आला: आपल्या पाळीत तापमान कमी का राहिलं याचा चोवीस तासांत खुलासा करावा. खुलासा लिहून द्यायला गाझीपूरवाल्या थोरल्याला बसवलं, हिंदीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा एकशे अठ्ठ्याण्णव, पुन्हा मेमो. तिसऱ्यांदाही तेच. हीटर बघायला कोणी आलं नाही. चौथ्यांदा दगाकाकांनी दोनशे दहा लिहिलं आणि मेमो थांबले.

"सात नंबर बरा व्हई गया," ते ओट्यावर सांगायचे. "मिस्त्री नही, सामान नही. मी फक्त लिखं, आणि तो बरा."

एकदा आकडा ठरलेलाच आहे म्हटल्यावर तासातासाला फिरायचं कशाला? सकाळी सहाला पाळी लागली की चहाच्या कपाबरोबर दोन वाजेपर्यंतचे सगळे रकाने भरून टाकायचे आणि मग धागा तुटतो कुठे तिकडे लक्ष द्यायचं. सगळेच तसं करत होते. आप्पाही. आमच्या घरात ही जेवतानाची गंमत होती. आई भाजीत मीठ कमी पडलं की म्हणायची, "लिहून टाका दोनशे दहा."

आमच्या भागातल्या मराठी मंडळींचं एक मंडळ होतं. गणपतीत पटांगणात पत्र्याची शेड उभी राहायची. पुढे खुर्च्यांवर मुंबई, पुणे, नाशिककडचे इंजिनिअर आणि मॅनेजर, त्यांच्या बायका; मागे सतरंज्यांवर आमच्यासारखे. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. खुर्ची रिकामी असली तरी आप्पा सतरंजीवरच बसायचे. मंडळाचे अध्यक्ष प्रधानसाहेब, आप्पांच्याच कारखान्याचे मॅनेजर. उंच, हळू बोलणारे, इतिहासाच्या वाचनाचा नाद असलेले. दरवर्षी मुलांचा वादविवाद व्हायचा आणि दरवर्षी टीव्ही चांगला की वाईट हेच चालायचं. त्या वर्षी प्रधानसाहेब म्हणाले, पुरे झाला टीव्ही. त्यांनी विषय दिला: मौर्य साम्राज्याच्या ऱ्हासाला अहिंसेचं धोरण जबाबदार होतं. चिठ्ठी काढली, मला विरोधी बाजू आली. मला विषयाचा आनंद झाला, कारण पुस्तकातून काढता येण्यासारखा होता. यादी करता येत होती.

शाळेच्या वाचनालयातून दोन पुस्तकं आणली. आप्पांनी आणलेल्या बाद लेबलांच्या मागे टिपणं काढली. पहिला मुद्दा, अशोकानं युद्ध सोडलं पण सैन्य मोडल्याचा पुरावा नाही. दुसरा, राज्य एवढं मोठं आणि पाटलिपुत्र एका टोकाला. तिसरा, नंतरचे राजे दुबळे, राज्याच्या वाटण्या. एवढ्यावर माझी अडीच मिनिटं होत होती आणि वेळ होता चार मिनिटांचा. दगाकाका तेव्हा रोज दुपारी सुटून आले की जेवून ओट्यावर बसायचे. मी भाषण म्हणायची आणि ते स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवून घंटी द्यायचे. एक दिवस मी त्यांना वाचून दाखवलं की अशोकानं दगडावर कोरून ठेवलं होतं, प्रजेची खबर आणणाऱ्यांनी मला कधीही गाठावं, मी जेवत असलो तरी, बागेत असलो तरी.

"जेवताना बी?" दगाकाकांनी चमचा खाली ठेवला. "आमना साहेब तर जेवताना फोन बी घेत नही."

"तो चांगला राजा होता, काका."

"हा. मग तो मेला. मागून आला तो दुसरा. त्याले जेवताना कोणी बोललं तर राग येस. मग ते खबर आणणारे काय करतीन?" ते स्वतःच हसायला लागले. "सकाळी चहा पिता पिता दिवसभराच्या खबरी लिखी टाकतीन. सर्व क्षेम शे. आमच्यासारखं."

मी तिथल्या तिथे चौथा मुद्दा लिहिला: खबरी खोट्या झाल्या. मग थोडा विचार करून पाचवा, कारण मला दगाकाकांचे तीन मेमो आठवले: का झाल्या? खरं लिहिणाऱ्यालाच शिक्षा. तक्षशिलेच्या लोकांनी बंड केलं तेव्हा ते म्हणाले होते की आमचं भांडण राजाशी नाही, त्याच्या अधिकाऱ्यांशी आहे, अशी कथा पुस्तकात होती. ती पाचव्यात बसवली. दगाकाकांनी पूर्ण भाषण ऐकलं, चमचा वाजवला आणि म्हणाले, "पाचवा भारी शे. तो सावकाश बोल."

माझ्यासमोर निनाद होता, कॉलनीतल्या एका इंजिनिअरचा मुलगा, इंग्रजी शाळेतला. तो मराठी पाठ करून आला होता पण छान बोलला. तलवारी म्यान झाल्या, सीमेवरचे शत्रू हसले, वगैरे. मग मी. तीन मुद्दे ठरल्याप्रमाणे गेले. चौथ्याला मी म्हणाले की राजधानीत खोट्या खबरी जात असणार आणि निनादनं नियमाप्रमाणे हात वर करून प्रश्न विचारला, "खबरी खोट्या होत्या याला पुरावा काय?"

पुरावा नव्हता. पुस्तकात तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते दगाकाकांचं होतं. मला आठवतं, माझ्या हातातलं लेबल घामानं मऊ झालं होतं. आणि मी म्हणाले, "पुरावा लांब शोधायला नको. आपल्या मसाटला मशीनचे आकडे दर तासाला लिहायचे असतात. पण सकाळी सहाच्या चहालाच दोन वाजेपर्यंतचे आकडे भरून होतात. साहेबांना वाटतं, सगळं ठीक आहे. पाटलिपुत्रातही असंच वाटत असेल."

हसू सतरंजीवर उठलं आणि खुर्च्यांपर्यंत पोचायच्या आत थांबलं. मग प्रधानसाहेब हसले, मान मागे टाकून, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यामुळे सगळ्यांनी वाजवल्या. टाळ्या बराच वेळ चालल्या. मी थांबले. थांबायला नको होतं, पण त्या वयात टाळ्या सोडून पुढे जायचं कसं हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. त्या संपल्या, मी लेबलाकडे पाहिलं, 'पाचवा' असं म्हणाले आणि घंटी झाली. ती खरी पितळी घंटी होती. मी नमस्कार करून खाली आले. आप्पा दुसऱ्या पाळीला गेलेले होते. दगाकाका सतरंजीवर होते. ते टाळ्या वाजवत होते की नाही, हे मी बरंच आठवून पाहिलं आहे. माझ्या डोळ्यांपुढे त्यांचे हात गुडघ्यांवर येतात, पण ते मी नंतर घातलेलं असू शकेल.

पहिला नंबर माझा जाहीर झाला. बक्षीस विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी प्रधानसाहेब सकाळी दहाच्या सुमारास मशीनवर आले. एरवी ते तिथपर्यंत यायचे नाहीत. सुरतेहून पट्ट्यांच्या तक्रारी महिनाभर येत होत्या आणि त्यांचं मूळ सापडत नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं. त्यांनी कागद मागितला. दहा वाजले होते आणि कागदावर दोन वाजेपर्यंतचे आकडे होते. सात नंबरपुढे आठ वेळा दोनशे दहा. त्यांनी काट्याकडे पाहिलं, तो एकशे अठ्ठ्याण्णववर होता. त्या दिवशी पहिली पाळी दगाकाकांची होती.

दोन वाजता आप्पा आत जात होते तेव्हा दगाकाका फाटकाजवळच्या बाकावर बसलेले होते. कपडे बदललेले, डबा मांडीवर. नोंदीत खोटेपणा, असं कारण देऊन कामावरून काढलं होतं. कंत्राटातला माणूस, एका कागदावर संपलं. सात नंबरला त्या दिवशीही कोणी हात लावला नाही. घरी येऊन ते मोरीवर खूप वेळ हातपाय धूत राहिले. मी शाळेतून आले तर काकू आमच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला काही विचारलं नाही. आईला म्हणाल्या, "यांना सांगा जेवायला. माझं ऐकी नही ऱ्हायना."

मला कळलं ते तिथे, दारात, दप्तर खांद्यावर असताना. कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

पुढचे चार दिवस आमच्या खोलीत जे बोलणं झालं ते सगळं कुजबुजत झालं, मधल्या भिंतीमुळे. आईचं म्हणणं साधं होतं. साहेबांनी अर्धंच ऐकलं आहे. दगाभाऊंनी तीनदा खरं लिहिलं होतं, तीनदा मेमो मिळाले, ते सगळं ऑफिसात असेलच. बक्षीस घ्यायला जाशील तेव्हा उरलेलं सांग. साहेब तुझ्यावर खूश आहेत. इतिहासाचं म्हणून सांग, पण सांग.

"आणि त्यांनी विचारलं, हे सगळं तुला कोणी सांगितलं, तर?" आप्पा म्हणाले.

"तर काय?"

"तर मी. दुसऱ्या पाळीचे कागद काढतील. त्यावरही आकडा तोच आहे. मग तिसऱ्या पाळीचे. एकाचं गेलंय, सहाजणांचं जाईल."

"सहाजणांचं जाऊ नये म्हणून त्यांचं जाऊ द्यायचं? कोणाच्या घरी जेवलात तुम्ही महिनाभर?"

आप्पा ताटातली भाकरी मोडत राहिले, खात नव्हते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं तू बघ, वैशू. मी तुला सांग म्हणत नाही, नको सांगू असंही म्हणत नाही."

हे त्यांनी चुकीचं केलं, असं मला आता वाटतं. चौदा वर्षांच्या मुलीवर टाकायची गोष्ट नव्हती ती. पण तेव्हा माझ्या लक्षात दुसरंच आलं होतं. आम्ही कितीही हळू बोलत असलो तरी पलीकडच्या भाकरीच्या थापा थांबल्या होत्या. मी मोजत होते. सातनंतर आठवी आली नाही.

बक्षिसाच्या संध्याकाळी आईनं माझी वेणी घातली, लेबल शोधून काढलं आणि माझ्या हातात दिलं. "वाचून दाखव," म्हणाली. "बोलायला सुचलं नाही तर नुसतं वाच." आप्पांनी त्या दिवशी पाळी बदलून घेतली होती. ते सतरंजीच्या कडेला बसले. दगाकाका आले नव्हते, काकूही नाहीत. स्टेजवर प्रधानसाहेबांनी मला झाकणाचा स्टीलचा डबा दिला आणि हात मिळवला. त्यांची नजर लेबलावर गेली. "हेच का ते टिपण? बघू." त्यांनी ते घेतलं, चष्मा वर करून वाचलं. ते मुद्दे वाचत होते तेवढा वेळ मी डब्याच्या झाकणात शेडचे पत्रे बघत होते.

"पाचवा राहिलाच म्हणायचा," ते म्हणाले. माइक बाजूला होता, हे आमच्या दोघांतच होतं. आवाज प्रेमळ होता, आणि खरंच सांगते, त्यांना ऐकायचं होतं. "खरं लिहिणाऱ्याला शिक्षा. हे कुठून काढलंस? पुस्तकात तर नाही."

बरोबर तो प्रश्न, आप्पांनी सांगितलेला. मी सतरंजीकडे पाहिलं. आप्पा माझ्याकडे बघत नव्हते, ते स्वतःच्या तळहाताकडे बघत होते, जणू तिथे काही लिहिलेलं असावं. आई माझ्याकडेच बघत होती.

"असंच, सर," मी म्हणाले. "वेळ उरला होता म्हणून लिहिलं."

"कल्पना चांगली आहे," ते म्हणाले आणि लेबल मला परत दिलं. मग पुढचं नाव पुकारलं गेलं.

घरी जाताना आई आम्हा दोघांच्या पुढे चालत राहिली. डबा मीच उचलून आणला. त्यात आईनं पुढे तूरडाळ भरली, वापरला पुष्कळ, पण त्याला बक्षिसाचा डबा असं आमच्याकडे कधी कोणी म्हटलं नाही. नुसता डाळीचा डबा.

अनंत चतुर्दशीनंतर तिसऱ्या दिवशी दगाकाकांनी टेम्पो बोलावला. चाळीसगावकडे एका जिनिंगमध्ये कापसाच्या हंगामापुरतं काम मिळत होतं, भाच्याच्या ओळखीनं. सामान फार नव्हतं. गाझीपूरवाल्या भावांनी पलंग चढवला. काकूंनी खापर आईच्या हातात दिलं. "टेम्पोत फुटीन," एवढंच म्हणाल्या. आईनं ते घेतलं आणि पदरानं पुसत राहिली, ते स्वच्छच होतं. आप्पांनी दगाकाकांच्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं, दगाकाकांनी त्यांना मधेच धरलं. मग ते माझ्याकडे वळले. माझी तयारी होती. चार दिवस मी, ते रागावतील तेव्हा काय म्हणायचं, याचीही यादी केलेली होती.

"पाचवा राहिला ना तुझा," ते म्हणाले. "मी घंटीवर असतो तर तुले अर्धं मिनिट जादा दिलं असतं."

ते हसले नाहीत. टोमणा होता की माया, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. दोन्ही रकान्यांत ते बसतं. पुढे दोन दिवाळ्यांना त्यांचं पत्र आलं, आप्पांच्या नावानं. तिसऱ्या दिवाळीला आलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्या खापरावर आईनं कधीच मांडे केले नाहीत. येत नाहीत मला, म्हणायची. तिला येत होते.

कारखान्यात त्यानंतर नवी पद्धत आली. तासाचे आकडे लिहायच्या कागदाशेजारी दुसरा कागद, पहिला तपासला म्हणून सही करायचा. महिनाभर लोक फिरून आकडे बघत होते. मग दोन्ही कागद सकाळच्या चहाला भरले जाऊ लागले. पुढे काही वर्षांनी तो कारखाना बंदच पडला. का पडला यावर डोकमर्डीत आजही वाद होतात. कोणी म्हणतं करांच्या सवलती संपल्या, कोणी म्हणतं चीनचा धागा आला, कोणी म्हणतं मालकाच्या मुलांत वाटण्या झाल्या. मी ऐकून घेते. मला त्यात जुनेच मुद्दे दिसतात, फक्त गावं बदललेली.

आता माझं कामच कारखान्यांच्या नोंदी तपासण्याचं आहे. एका बैठकीत भरलेला कागद मला लांबून कळतो. आठही तासांची शाई सारखी, अक्षराचा कल सारखा, आणि कुठेही तेलाच्या बोटाचा ठसा नाही. असा कागद सापडला की ऑपरेटर माझ्या तोंडाकडे बघायला लागतो. मी त्याला काही विचारत नाही. मी ऑफिसात जाऊन गेल्या वर्षभरात दिलेले मेमो मागते. ते काढून द्यायला लोक फार वेळ लावतात. माझ्या तपासणीच्या यादीत हा पाचवा मुद्दा आहे, मी तो मुद्दाम पाचवा ठेवला आहे. त्यानं दगाकाकांचं काही भरून आलेलं नाही, हे मला समजतं.

आई गेली त्याला सहा वर्षं झाली. आप्पा आता माझ्याकडेच असतात, दिसायला कमी, ऐकायला चांगलं. हे प्रकरण इथपर्यंत लिहून झाल्यावर मी त्यांना सकाळच्या चहाबरोबर वाचून दाखवलं. छापायच्या आधी विचारावं म्हणून. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. वाचून झालं तेव्हा कप त्यांच्या हातातच होता.

"माझं नाव घालायचं तर घाल," ते म्हणाले. "त्या आठवड्यात माझी दुसरी पाळी होती. एवढाच काय तो फरक. हेही लिही."

"लिहिते."

"दगाभाऊ बाकावर होता आणि मी आत गेलो. त्या दिवशी पहिल्यांदा मी कागद तासातासानं भरला. दर तासाला उठलो, प्रत्येक काटा बघितला, मग लिहिलं. दोनपासून दहापर्यंत."

मी वहीत ते उतरवून घेतलं. मग विचारलं, "आणि सात नंबरचा काय लिहिलात?"

आप्पांनी कप खाली ठेवला.

"दोनशे दहा," ते म्हणाले.